मंगळीच्या नागलीवरचे डाग

फोन भाग्येशचा होता, आणि त्याने नमस्कारसुद्धा केला नाही.

"मॅडम, नागलीवर करपा आलाय. संध्याकाळच्या आत सगळा तुकडा उपटून जाळायला सांगतोय. तुम्हाला कळवायचं म्हणून फोन केला."

"जाळू नका. मी येते."

"येऊन काय करणार? डाग डोळ्यांना दिसतायत."

"डोळ्यांना काय, काहीही दिसतं," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि पालघरच्या नाक्यावर अर्धा चहा तसाच टाकून स्कूटरवर बसली.

एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. वडील तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला होते, त्यामुळे ती बोईसरला वाढली. पुढे शिकून पिकांच्या बुरशीजन्य रोगांची संशोधक झाली. आणि दोन वर्षं ती आंबेपाड्याच्या मंगळीच्या मागे लागली होती. आसपासच्या सगळ्या उतारांवर नागली, म्हणजे नाचणी, करपून जायची, मंगळीची मात्र हिरवीगार उभी राहायची. का? हे शोधायला बियाणं हवं होतं, आणि ते मंगळी देत नव्हती. यंदा पाड्याच्या बैठकीत अखेर ती हो म्हणाली होती. आज कृषी खात्यातल्या भाग्येशचं पाहणी पथक येऊन पीक बघणार आणि पिकल्यावर बियाणं नेणार, असं ठरलं होतं.

गेल्या वर्षीच्या अवकाळी पावसाने मंगळीकडचं राखीव बियाणं बुरसून गेलं होतं, जेमतेम एका तुकड्यापुरतं वाचलं होतं. ती नागली आता जगात एवढ्या एका तुकड्यात उरली होती. तुकडा जळाला की विषय संपला. स्कूटर घाट चढताना कुरकुरत होती आणि ज्ञानेश्वरी तिला वाट्टेल ते बोलत होती.

मंगळीच्या ओट्यावर गर्दी होती. भाग्येश कपाळाला आठ्या घालून उभा. बोईसरला बियाणं-औषधांचं दुकान चालवणारा दिग्विजय, त्याला कुणी बोलावलं नसताना, खाटेवर ऐसपैस बसलेला. मंगळी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचं तोंड मातीसारखं झालं होतं. तिचा नवरा गोमा ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता.

"खालच्या खोऱ्यात नागलीचे बीजोत्पादनाचे प्लॉट आहेत," भाग्येश म्हणाला. "वाऱ्याने बुरशी तिकडे गेली तर जबाबदारी माझी. मला हौस नाही जाळायची."

"कनसाला काय नाय जालं," गोमा मध्येच बोलला. "कनसं राहू द्या. हवा तर पाला जाळा."

"रोग कणसापर्यंत जायला वेळ लागत नाही," भाग्येशने त्याला गप्प केलं.

"ह्याचं नको ऐकू, बाय," मंगळी ज्ञानेश्वरीला म्हणाली. "परवा कामावरनं आला तवापासून डोकं दुखतं बोलतो. शेताकडं फिरकला पन नाय."

"कुठे असता कामाला?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"बोईसरला. कारखान्याच्या आवारात," गोमा म्हणाला. "झाडलोट, गवत काडायचं, पानी मारायचं."

ज्ञानेश्वरी उताराकडे निघालीसुद्धा.

पायवाटेला लागून पहिल्याच ओळींच्या पानांवर डाग होते. तांबूस, वाळके, कुठे मुगाएवढे, कुठे त्याहून मोठे. ओळी चार. पाचव्या ओळीपासून पुढे नागली साधारण हिरवी. मुठीसारखी मिटलेली कणसं वर डुलत होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली. सगळ्यात वरचं पान आणि कणीस स्वच्छ, डाग सगळे कमरेच्या खाली.

ती तुकड्याच्या पार मागे गेली. तिथल्या पानांवरही काहीतरी होतं, पण टाचणीच्या टोकाएवढं. डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नव्हतं. तिने पुढची पानं घेतली, मागची घेतली. परतताना बांधावरचा टाकळा पाहून ती थबकली, आणि त्याचीही दोन पानं तिने पिशवीत टाकली.

"टाकळ्याचं काय करणार, भाजी?" दिग्विजय हसला.

"तुम्ही इथे काय करताय, ते आधी सांगा."

"मी? मला कळलं म्हणून आलो."

"काय कळलं?"

"की नागली लागली रोगाला. दोनदा मागितलं होतं हिच्याकडे बियाणं. नाही दिलं. आता बसा."

"तुमच्या दुकानात गवत जाळायचं औषध मिळतं?"

दिग्विजयचं हसू आटलं. "मिळतं. सगळ्यांकडे मिळतं. पण या पाड्यात मी एक बाटली विकलेली नाही. शंका घ्यायची तर पुरावा दाखवा, मॅडम."

"दाखवते. मंगळीबाय, चुलीवर पाणी उकळा."

मंगळीने पातेलं ठेवलं. पाणी उकळल्यावर ज्ञानेश्वरीने ते चुलीपासून लांब आणलं, काचेच्या बरणीत स्पिरिट ओतलं, त्यात पानांचे तुकडे टाकले आणि बरणी त्या पाण्यात उभी केली. हळूहळू हिरवा रंग उतरला. पानं मेणकागदासारखी झाली. मग तिने त्यांवर निळ्या रंगाचे थेंब सोडले. बुरशी हा रंग पिते आणि निळी दिसते. हे सगळं होईतो भाग्येशचं तीनदा घड्याळ बघून झालं, आणि गोमाच्या फेऱ्या काही थांबेनात. शेवटी तिने बॅगेतून लहानसा मायक्रोस्कोप काढला.

मागचं पान पाहिलं. मग पुढचं. मग टाकळा. मग पुन्हा पुढचं, पुन्हा पुन्हा. 

"या, भाग्येश. हे मागचं पान. काय दिसतं?"

भाग्येशने डोळा लावला. "एक पेशी तपकिरी झालीय. तिच्यात निळा धागा आहे. आखूडच. शेजारच्या पेशी ठीक."

"तो धागा म्हणजे करपा. म्हणजे तुम्ही अगदीच चुकलेला नाहीत, करपा आलाय. बुरशीचा कण पानावर बसतो आणि पेशीच्या भिंतीला भोक पाडायला लागतो. पेशी आतून नेमकी तिथेच भिंत जाड करते. तरीही तो घुसलाच, तर ती पेशी स्वतःच मरते. या बुरशीला सुरुवातीला जिवंत पेशी लागते, मेलेलीत तिला पाय रोवता येत नाहीत. ती तिथेच अडकून संपते. आपल्याला दिसतो तो एवढासा ठिपका. दुबळ्या जातीत पेशी मरायला उशीर करते आणि धागे सगळ्या पानभर जातात. मंगळीबाय, तुमची नागली उशीर करत नाही."

मंगळीला त्यातलं सगळं कळलं नसेल, पण शेवटचं कळलं. ती पहिल्यांदा चौकटीपासून बाजूला झाली.

"मग पुढचे मोठे डाग?" भाग्येशने विचारलं.

"बघा ना."

भाग्येश बराच वेळ वाकून राहिला. "मेलेल्या पेशी. ढीगभर. पण निळं काहीच नाही."

"नाहीच. झुंज देऊन मेलेली पेशी असेल तर तिच्यात शत्रू सापडतो. रोगाने मेलेली असेल तर धाग्यांचं जाळं सापडतं. इथे काहीच नाही, कारण या पेशी स्वतः मेल्या नाहीत, त्यांना मारलंय. आणि अगदी असेच डाग टाकळ्यावर आहेत. नागलीचा करपा टाकळ्याला लागत नाही."

"बोईसरच्या कारखान्यांचा वायू?"

"वायू पायवाटेच्या चार ओळी निवडून घेईल? हे गवत जाळायचं औषध आहे. पंपाने मारलेलं. जिथे थेंब पडला तिथे डाग."

सगळ्यांच्या माना खाटेकडे वळल्या. दिग्विजय ताडकन उठला. "मी नाही! देवाशपथ!"

"बसा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तुम्ही नाही. तुम्हाला ही नागली मारायची असती तर तुम्ही पंप वर धरून कणसांवर मारलं असतं, सगळ्या तुकड्यात. हे ज्याने केलं, तो वाकून, नळी गुडघ्याशी धरून चाललाय. कणसावर एक थेंब उडू दिलेला नाही. आणि फक्त पायवाटेकडच्या ओळींत, जिथून पथक पीक बघणार होतं. त्याला नागली मारायची नव्हती. ती रोगट दिसायला हवी होती, आणि दाणा वाचायला हवा होता. असा जीव या दाण्यावर कुणाचा?"

गोमाच्या फेऱ्या थांबल्या होत्या.

"गोमाभाऊ," तिचा आवाज तिला नको असताना मऊ झाला, "तुम्ही परवापासून शेताकडे फिरकला नाहीत. मग कणसांना काही झालेलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत? आणि कारखान्याच्या आवारातलं गवत तुम्ही हाताने काढता, की औषध मारून?"

गोमा ओट्याच्या कडेला बसला.

"औषद मारून," तो म्हणाला. "थोडा आनला हुता संगती. परवा रातच्याला मीच मारला."

मंगळीने त्याच्याकडे असं पाहिलं की ज्ञानेश्वरीला आपण हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

"आमच्या आज्याचं भात आसंच कुनी बघायला नेलं," गोमा म्हणाला. "मंग पिशवीत भरून आमालाच इकलं, दुसऱ्या नावानं. मला वाटलं, रोगट दिसली तर नेनार नाय. जाळायला सांगतील, हे कुटं म्हायत?"

"मग सकाळी का नाही बोललात? मी काडी लावायला निघालो होतो!" भाग्येश ओरडला.

"हिच्यासमोर कसा बोलू? हिला द्यायची हुती. बैठकीत हीच हो बोल्ली."

"मी?" मंगळी म्हणाली. "मी हो बोल्ली ती तू मान हलवली म्हनून! मला वाटलं, तुज्या मनात हाय."

"मी मान हलवली ती तू बोल्ली म्हनून."

भाग्येशला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. मंगळी हसत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"माजी नागली जाळायला निगाले हुते," ती म्हणाली, "आनि तू वट्यावर येरझाऱ्या घालत रायलास. मला इचारला आस्ता, तर मीच नको बोल्ली आस्ती."

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि ज्ञानेश्वरीकडे वळली.

"बाय, तू वाचवलीस, ते इसरनार नाय. पन यंदा बी नाय देत. पुडल्या साली ये. तवर आमी दोगं एकमेकाला इचारून घेतो."

दोन वर्षं. ज्या ठिपक्यांसाठी ती दोन वर्षं तडफडली होती ते समोर काचेवर होते, आणि बियाणं पुन्हा एक वर्ष लांब गेलं होतं. ज्ञानेश्वरीला रडावंसं वाटलं, अगदी लहान मुलीसारखं. नाही म्हणायचा अधिकार मंगळीचाच होता, हे तिला कळत होतं, म्हणून जास्तच.

"येईन," ती म्हणाली. "त्या चार ओळींचा दाणा खाऊ नका, पाला गुरांना घालू नका."

भाग्येशने पसरणारा रोग नसल्याचं कार्यालयाला फोनवरून कळवलं. दिग्विजय कुणाचा निरोप न घेता सटकला. ज्ञानेश्वरीने सामान आवरलं तोवर गोमा आणि मंगळी उतारावर पोचले होते आणि दोन टोकांनी डागाळलेली पानं तोडत होते. तिने स्कूटर सुरू केली तेव्हा मंगळीने बोलायला सुरुवात केली होती, आणि त्या आवाजावरून गोमाला बराच वेळ तोंड उघडायला मिळणार नाही, हे पायवाटेवरूनही कळत होतं.