तिसऱ्या पंपाची बिअर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात एक शब्दही वाढवलेला नाही. 

हे इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये घडलं. नोव्हेंबर २०११, मंगळवार.

आणि रात्री नाही... सकाळी साडेअकराला.

मी टेसा लार्टर. दातांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं मदतनीस आहे. पू, रक्त, सडलेल्या हिरड्या हे सगळं रोज बघते आणि नंतर शांतपणे सँडविच खाते. मला सहजासहजी किळस येत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

माझे रॉडनीकाका शहरातल्या बिअरप्रेमींच्या मंडळाचे परीक्षक. लाकडी पिंपात मुरलेली, हातपंपाने ओढलेली, तीच त्यांच्या लेखी बिअर. बाकी सगळं साबणाचं पाणी. मंडळ दरवर्षी चांगल्या पबांची पुस्तिका काढायचं. त्या वर्षी काकांचा गुडघा धरला होता, म्हणून गाडी मी चालवत होते.

'ब्लाइंड हेरन' नदीजवळच्या गल्लीत आहे. चारशे वर्षांचा पब. छत इतकं खाली की उंच माणसाचं डोकं तुळईला आपटलं नाही असं होतच नाही. तो चालवणारा डेझमंड बन, काकांचा शाळेपासूनचा दोस्त.

"आले न्यायाधीश! गुडघा आणलायस की घरीच ठेवलास?"

"आणलाय. तुझ्या बिअरला चव उरलीय का, तेवढं बोल."

डेझमंडचं हसू मावळलं. कोपऱ्यात दोन म्हातारे डॉमिनो खेळत होते. त्यांच्याकडे एकदा बघून तो हळूच म्हणाला,

"रॉड, तिसऱ्या पंपाचं जरा बघ बाबा. लोक अर्धा ग्लास टाकून उठतात. का, ते कोणी सांगत नाही. यंदा पुस्तिकेतून नाव गेलं तर इमारतीचे मालक इथे फ्लॅट बांधतील. या वयात मी कुठे जाऊ?"

त्याने काउंटरवरच्या तिसऱ्या हातपंपाचा दांडा ओढून ग्लास भरला. बिअर सुरेख दिसत होती. तांबूस, नितळ.

काकांनी घोट घेतला...

आणि गिळलाच नाही.

गाल फुगवून तसेच बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं. मग रुमाल काढून त्यात थुंकले.

"आंबलीय का?" डेझमंडने विचारलं.

"आंबली असती तर बरं झालं असतं." काका जीभ रुमालाने पुसत होते. "अरे, ही आधी कोणाच्यातरी तोंडात जाऊन आलीय."

मी ग्लास उचलला. पिंपं तळघरात असतात, त्यामुळे बिअर गार येते. ही कोमट होती... अंगाइतकी कोमट.

मी बोट बुडवून वर घेतलं. बोटाबरोबर एक तार आली. पातळ, लांब, चिकट. हात डोक्याइतका वर नेला तरी तुटेना.

मग वास आला.

तो वास मला चांगला माहीत आहे. कवळी आठवडाभर काढलीच नाही असा माणूस आमच्या खुर्चीत बसून 'आ' करतो, तेव्हा येतो तो.

"पिंपापासूनची नळी धुतलीस?" काकांनी विचारलं.

"तीनदा, रॉड. काल परत धुतली."

काका आणि मी तळघरात उतरलो. डेझमंड वर थांबला. काकांनी काठीने छताला दोनदा ठोकलं की त्याने दांडा ओढायचा, असं ठरलं.

खाली कसलाच वास नव्हता. ना ओल्या लाकडाचा, ना यीस्टचा. काहीच नाही...

काकांनी सरळ पिंपातूनच थोडी बिअर काढून चाखली.

"ही तर झकास आहे!"

म्हणजे खोट नळीत होती. पिंपापासून छतापर्यंत जाणारी ती नळी पारदर्शक होती. काकांनी छताला ठोकलं.

बिअर वर चढली.

थांबली.

आणि... परत खाली आली. फेसाळून.

पुन्हा वर. पुन्हा खाली. खुळ्ळ... खुळ्ळ... खुळ्ळ...

मी रोज पेशंटच्या हातात चूळ भरायला कप देते. अगदी तोच आवाज.

"डेझमंड, ओढतोयस की खेळतोयस?" काका ओरडले.

 वरची डॉमिनोची टकटक थांबली होती.

मग नळीत कोणीतरी थुंकलं.

दुसरा शब्दच नाही त्याला. थू... आणि काहीतरी टणटणत खाली आलं, नळीच्या वळणात अडकलं. काकांनी जोड सोडवला. ते माझ्या तळहातावर पडलं.

दाढ.

पिवळी, दोन मुळांची. मुळांना हिरडीचा गुलाबी तुकडा चिकटलेला. आजवर हजारो दाढा हाताळल्यात मी. पण ही... गरम होती.

मी ती झटकून टाकली आणि तिथेच गटाराच्या जाळीवर ओकले. काका माझी पाठ चोळत होते.

वर आलो तर काउंटरमागे कोणीच नव्हतं. डेझमंड आणि ते दोन म्हातारे, तिघेही रस्त्याकडच्या दाराला पाठ टेकून उभे. सोंगट्या फरशीवर पसरलेल्या.

"तूच ओढत होतास ना?" काकांनी विचारलं.

"मी हातसुद्धा लावला नाही, रॉड. तू ठोकलंस, मी पुढे झालो, तोवर दांडा आपोआप हलायला लागला. आणि तोटीला... कोणीतरी तोटीला तोंड..."

त्याने मनगटाने स्वतःचे ओठ पुसले. 

बाहेर गाडीपर्यंत तो आमच्या मागे आला. काकांचा हात धरून म्हणाला, "तो पंप आजच बंद करतो. शप्पथ. पण लिहू नकोस, रॉड. एवढं कर माझ्यासाठी."

काकांनी गाडीत पुस्तिकेसाठीचा शेऱ्याचा कागद मांडीवर घेतला. मग लिहिलं, 'उत्तम'.

"काका! लोक पितील ते!"

"त्याने शब्द दिलाय, टेसा. लहानपणापासूनचा मित्र आहे तो माझा. चल, घरी चल."

 त्यानंतर काका त्या पबात पुन्हा गेले नाहीत. बिअरच सोडली त्यांनी. ग्वेनकाकूला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

नाताळला काकूने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ती गोमांस बिअरमध्ये मंद आचेवर चार तास शिजवते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. रस्सा पावाने पुसून खाल्ला. काकांची ताटली तर एव्हाना चकचकीत झाली होती.

"यंदा काही वेगळंच झालंय, ग्वेन," काका म्हणाले. "काय घातलंस?"

"मी कसलं घालते! डेझमंडने सकाळी बिअरची सुरई पाठवली, तीच ओतली सगळी. चिठ्ठी पण आहे बघ."

काकांनी चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे सरकवली.

'रॉड, रागावू नकोस. पंप बंद केला होता, पण लोकच मागायला लागले. आता सगळ्यांना तिसऱ्या पंपाचीच हवी असते. तूही एकदा घेऊन बघ.'

"का रे, बिघडलंय का काही?" काकूने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "छान झालंय."

मी बाथरूममध्ये धावले. घशात बोटं घातली. खूप प्रयत्न केला.

काहीच बाहेर आलं नाही...

काका तीन वर्षांपूर्वी गेले. 'ब्लाइंड हेरन' अजून सुरू आहे, आणि दुपारीही तिथे उभं राहायला जागा नसते. मी लांबच्या रस्त्याने कामावर जाते.

खरं सांगू? आता मला तो वास आठवत नाही, ती दाढही नाही. त्या रश्श्याची चव आठवते. एवढं चविष्ट मी आजवर काही खाल्लेलं नाही. आणि ती चव आठवली की तोंडाला पाणी सुटतं...

ते पाणी मी गिळत नाही. जाऊन थुंकून येते.