निळ्या टोपणाची नळी

कोरियातल्या तोंगयॉंगच्या बंदरापाशी असलेल्या इस्पितळात प्रयोगशाळेतली बो-रम रक्त घ्यायला खाटेजवळ गेली, तेव्हा तिथला तरुण छातीवर तळहात दाबून बसला होता... आणि तरी हसत होता.

"हळू टोचा हं. बोटीवर जाडजूड दोर ओढतो मी, पण सुई पाहिली की गळाठतो."

"मग सुईकडे बघूच नका."

"कुठे बघू? तुमच्याकडे?"

बो-रमनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला. कान मात्र तापले. कागदावर नाव होतं ग्यु-वॉन, वय एकतीस. बेटांवर जाणाऱ्या बोटीवरचा खलाशी. सकाळपासून श्वास घेतला की छातीत कळ येत होती. वडील चाळिशीतच हृदयविकारानं गेले, एवढंच त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं.

"बाबांसारखंच असेल ना?" त्याचा आवाज एकदम उतरला.

"ते रक्त सांगेल." उठताना तिची नजर त्याच्या पायाकडे गेली. डावी पोटरी चांगलीच सुजली होती. "हे काय?"

"शिडीवरून पडलो होतो. गेल्याच आठवड्यात प्लास्टर काढलं. छातीचं बघा हो, पायाचं काय घेऊन बसलात!"

प्रयोगशाळेत तिनं नळ्या यंत्रात लावल्या. आधी ट्रोपोनिन — हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं. आकडा आला... अगदी कमी. तिनं सुस्कारा सोडला. मग निळ्या टोपणाच्या नळीतला डी-डायमर. कितीतरी पट जास्त! म्हणजे कुठेतरी रक्ताची गुठळी —

तिनं फोन उचलला. "डॉक्टर, डी-डायमर फार वाढलाय. आणि त्यांच्या पायाचं प्लास्टर गेल्याच आठवड्यात निघालंय, पोटरी सुजलीय... तुम्हाला बोलले नसतील."

"नाही बोलला! लगेच स्कॅनला नेतो."

तो तास सरता सरेना. शेवटी डॉक्टरांचा फोन आला. पायात झालेली गुठळी फुप्फुसात पोचली होती. औषध सुरू झालं होतं. वेळेत कळलं होतं. बो-रमला रडूच कोसळलं. ओळख ना पाळख... मग हे रडू कुणासाठी?

चौथ्या दिवशी ती वॉर्डात गेली. त्यानं मुकाट्यानं बाही वर केली.

"आज किती नळ्या?"

"एकही नाही. सुट्टी आहे माझी."

"मग... कशाला आलात?"

"तुम्हाला बघायला." बोलून गेली, आणि तिला वाटलं, आल्या पावली पळावं.

खाटेवर थोडं सरकून त्यानं जागा केली.

"बस ना," तो चाचरत म्हणाला. 'बसा' नाही... 'बस'.

ती बसली.