माळ्यावरचा पाचवा टायर

चिखलाने माखलेली ती फोर-व्हील टायरच्या दुकानासमोर येऊन थांबली... थांबली म्हणजे एक आचका देऊन एका बाजूला कलली. आतून उतरलेला माणूसही गाडीइतकाच माखलेला होता. डोळे तेवढे स्वच्छ होते, आणि ते हसत होते.

“टायर गेला,” तो म्हणाला.

“एक नाही, चारही गेलेत.” दुकान सांभाळणाऱ्या मुलीने वाकून टायरांवरून हात फिरवला. “नक्षी कुठे उरलीय यांच्यावर? नुसतं टक्कल पडलंय. डोंगर कसा चढत होता?”

“देवाचं नाव घेऊन.”

“मग देवाला जरा विश्रांती द्या आता.”

तो मोठ्याने हसला. ती नाही हसली. म्हणजे वरून तरी नाही.

तो जनावरांचा डॉक्टर होता. डोंगरावरच्या वस्त्यांतल्या गाई-शेळ्या त्याच्या भरवशावर होत्या. दुकान तिच्या बाबांचं. त्यांची नजर गेली तसा पाना तिच्या हाती आला आणि सगळे तिला टायरवालीच म्हणू लागले. लग्नाच्या गोष्टी एकदोनदा निघाल्या, पण सुनेच्या नखांतलं ग्रीस कुणाला चालेना आणि बाबांना एकटं सोडायला तिचं मन धजेना. तो विषय तिने डोक्यातून काढून टाकला होता. निदान तिची तशी समजूत होती.

डॉक्टरने फोनमधला फोटो दाखवला. मुठीएवढे रबराचे गठ्ठे असलेले अगडबंब टायर होते ते. “असे हवेत. चिखलासाठी.”

“चिखल किती असतो तुमच्या वाटेवर?”

“पावसाळ्यात पुष्कळ. एरवी दगडच. आणि खालचा पक्का रस्ता तर रोजचाच.”

“मग हे पक्क्या रस्त्यावर कान किटवतील तुमचे. शिवाय एवढे मोठे बसवले तर वळताना मडगार्डला घासतील. तुम्हाला दोन्हीकडे चालणारे हवेत, जाड बाजूंचे. आहेत त्यापेक्षा एकच माप मोठे.” तिने टायरच्या बाजूवरच्या चिरा दाखवल्या. “दगड इथे चावतात, बघा.”

बघायला तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. खांद्याला खांदा लागला नाही, पण लागेल की काय, एवढंच अंतर उरलं. तिला उगीचच आपल्या नखांची आठवण झाली आणि तिने मूठ मिटली.

“पाच मागवते,” ती घाईने उठत म्हणाली. “स्टेपनीही त्याच मापाची लागते. एक चाक लहान आणि बाकीची मोठी असली की चारही चाकं ओढताना गाडी आपल्याशीच भांडत बसते.”

टायर आले त्या दिवशी तो सकाळीच हजर झाला. चार चाकं बसवून झाल्यावर तिने प्रत्येक टायरवर खडूची आडवी जाड रेघ ओढली आणि त्याला गाडी सरळ थोडी पुढे न्यायला सांगितलं. मधला खडू पुसला गेला तर हवा जास्त, कडेचा गेला तर कमी, सगळीकडून सारखा गेला की बरोबर. ती वाकून रेघा बघत होती, हवा कमी-जास्त करत होती, आणि तो खिडकीतून डोकं बाहेर काढून तिला बघत होता.

“माझ्याकडे काय बघताय? समोर बघा.”

“समोर काही बघण्यासारखं नाही.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने हवा मोजायचं गेज टायरला लावलं, पण आकडा काही केल्या वाचता येईना.

हात धुवायला तो आत जाऊन आला. रुमालाने बोटं पुसत त्याने विचारलं, “किती चालतील हे?”

“नीट वापरलेत तर तीन वर्षं सहज.”

“म्हणजे तीन वर्षं मला इकडे यायचं काही कारणच नाही?”

“आमच्या धंद्याचं दुर्दैवच ते. काम चांगलं झालं की माणूस फिरकत नाही.”

ती हसत बोलली खरी, पण बोलता बोलता काळजात कळ उठली. तीन वर्षं... मग तिच्या तोंडून शब्द निघून गेले – “पाचवा टायर अजून आलेला नाही. पुढच्या आठवड्यात या. तोवर जुनीच स्टेपनी राहू दे, पण वर जाऊ नका.”

“नाही जाणार,” तो म्हणाला. आणि क्षणभर तिच्याकडे नुसता बघत राहिला.

पाचवा टायर माळ्यावर होता. पोत्याखाली. तो येण्याआधीच तिने वर टाकला होता, का ते स्वतःलाही न सांगता.

आठवडा काही नीट गेला नाही. वरच्या वस्तीत जनावरं पटापट आजारी पडू लागली आणि दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर एका सकाळी दुकानात येऊन म्हणाला, “डॉक्टर काल वर गेले, ताई. वाटेत टायर फाटला म्हणे, स्टेपनी लावून तसेच निघाले. अजून खाली आलेले नाहीत. फोनही लागत नाही.”

तिच्या हातातला पाना खाली पडला.

बाबा खुर्चीत बसून होते. ड्रायव्हर गेल्यावर ते हळूच म्हणाले, “माळ्यावरचा घेऊन जा.”

“बाबा...”

“डोळे गेलेत माझे, नाक नाही. नव्या रबराचा वास आठवडाभर येतोय. जा पोरी.”

दुकानाच्या जुन्या जीपमध्ये तिने टायर टाकला आणि निघाली. दगडांची वाट लागली तिथे उतरून चाकांतली हवा थोडी सोडली, म्हणजे टायर पसरून दगडाला धरतो. हात सवयीने काम करत होते. जीव मात्र टांगणीला लागला होता. प्रत्येक वळणावर ती आधी कड्याखाली बघायची आणि मग पुढे. त्याला काही झालं तर ते आपल्यामुळे, एका पोत्यामुळे. स्वतःला माफ करणं तिला जन्मात जमणार नव्हतं.

शेवटच्या चढावर गाडी दिसली. मागचं लहान चाक घळीच्या काठावर लोंबत होतं. अजून हातभर सरकली असती तर गाडी आणि माणूस दोन्ही खाली गेले असते. मग तिला तो दिसला. गाडीला टेकून बसला होता, कपाळाला पट्टी, मांडीवर औषधांची पेटी.

“जनावरं वाचली,” तो तिला बघून म्हणाला. “परत येताना चारही चाकांची ओढ लावली, आणि गाडी भांडली. तुम्ही म्हणाला होता तशी.”

ती त्याच्यासमोर मटकन बसली. डोळ्यांतलं पाणी थांबेना. “टायर दुकानातच होता. मी खोटं बोलले. तुम्ही परत यावं म्हणून... नुसतं तेवढ्यासाठी. आणि तुमच्या जिवावर...”

“माहीत होतं मला.”

“काय?”

“हात धुवायला आत आलो तेव्हा माळ्यावर दिसला. पोतं तोकडं होतं.”

“मग बोलला का नाहीत?” ती रडता रडता ओरडली. “मरायचं होतं का?”

“बोललो असतो तर तुम्ही लगेच बसवला असता.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “मग तीन वर्षं मी काय करायचं होतं?”

खालून धुकं वर येत होतं. ती डोळे पुसून उठली. तिच्या जीपला दोर बांधून दोघांनी गाडी काठावरून वाटेवर ओढून घेतली. जॅक लावला, लहान चाक उतरवलं, त्याचा जुना टायर काढून पाचवा टायर त्याच रिमवर चढवला आणि हातपंपाने आळीपाळीने हवा भरली. तिच्या ग्रीस लागलेल्या बोटांवर त्याने आपला हात ठेवला, तेव्हा तिने मूठ मिटली नाही.

“झालं,” शेवटचा नट आवळून ती म्हणाली. “उद्या दुकानात या. नवं चाक थोडं चाललं की नट परत आवळावे लागतात.”

“आणि परवा?”

तिने पाना पेटीत ठेवला. पेटी बंद केली.

“परवा काहीच काम नसेल,” ती म्हणाली. “तरी या.”