सोवळ्यातली खोली

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला त्या हिवाळ्यात उज्जैनमधल्या निम्म्या मराठी घरांत एकच विषय होता, भोपाळला कोण कोण जाणार. आमच्या ह्यांनी तो विषय राजीनामा देऊन संपवला. सरकारी नोकरी सोडली आणि फ्रीगंजात, टावर चौकातून स्टेशनकडे जाताना, दोन खोल्या भाड्याने घेऊन 'डॉ. शरच्चंद्र' अशी पाटी लावली. बाहेरच्या खोलीत पेशंटसाठी बाकं. आतल्या खोलीत टेबल, हत्यारांचं कपाट, एक नळ आणि पाणी उकळायला स्टोव्ह. मी मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवत होते, त्यामुळे जम बसेपर्यंत घरची चिंता नव्हती.

हे डॉक्टर म्हणून उत्तम आणि माणूस म्हणून तिरसट. पेशंट पान खाऊन आला की आधी त्याला बाहेर काढायचे, मग नाव विचारायचे. "तुमचा दवाखाना माणसांशिवाय फार छान चालेल," असं मी म्हणायची. ह्यांना ते बोलणं मुळीच विनोदी वाटायचं नाही.

पहिल्याच महिन्यात एका कापड दुकानदाराच्या पायाला टाके घातले आणि तो पाय पिकला. पेनिसिलीनने पाय वाचला, पण चौकात नाव खराब व्हायचं ते झालंच. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कंपाउंडर श्रीधर हत्यारं नेमाने उकळायचा आणि मग चिमटा वाकडा राहिला म्हणून बोटांनी सरळ करून ठेवायचा. जंतू दिसत नाहीत, त्यामुळे त्याच्या लेखी ते नव्हतेच. मी त्याला शाळेतला जंतूंचा तक्ता आणून दाखवला. तो भक्तिभावाने बघत राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमटा सरळ केला.

शेवटी ह्यांचं डोकं फिरलं. त्या दिवशी मी तिथेच होते.

"तुझ्या घरी सोवळं पाळतात ना रे?"

"हो तर. आई एकदम पक्कं पाळते."

"मग नीट ऐक. ही आतली खोली आजपासून सोवळ्यात." ह्यांनी भिंतीवर दोनदा थाप मारली. "यात जे उकळलं ते सोवळं. त्याला काही शिवलं, की शिवलेलं सगळं पुन्हा पाण्यातून काढायचं. वस्तू असो की माणूस."

मला हसू आवरेना. मी आयुष्यभर ज्या गोष्टीची थट्टा केली, तीच आता आरोग्यशास्त्राच्या मदतीला धावून आली होती. पण श्रीधरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने पुन्हा कधी उकळलेल्या चिमट्याला बोट लावलं नाही. उकळलेले टॉवेल तो काठीने उचलून वरच्या बांबूवर वाळत घालायचा. जखमा पिकायच्या थांबल्या आणि बाकं भरायला लागली.

पौषात दुर्गाने काम सोडलं. ती फरशी पुसायची, बोलायला मोकळी, भित्री तर मुळीच नव्हती. तिने मला शाळेच्या फाटकाशी गाठलं.

"बाईजी, मैं अंदर पोंछा नहीं लगाऊँगी. पीछे देखूँ तो मेरे पाँव के निशान नहीं. फर्श गीला, मैं खड़ी हूँ, और निशान नहीं."

"सूख गए होंगे," मी म्हणाले.

"गीला है, बाईजी. वही तो बोल रही हूँ. मेरे पीछे-पीछे कोई पोंछ रहा है."

जातपात हा ह्यांच्या दृष्टीने मूर्खांचा उद्योग होता. त्यांनी दुर्गाला कधी कुठे अडवलं नव्हतं. मी तिचं बोलणं सांगितलं तर म्हणाले, "पगार वाढवून हवा असेल." मलाही तसंच वाटलं. मात्र संध्याकाळी मी आतल्या खोलीत गेले तेव्हा कपाटातला ट्रे ओला होता. श्रीधर म्हणाला, डॉक्टरांनी धुतला असेल. हे म्हणाले, श्रीधरने. दोघंही खरं बोलत होते असं मला तेव्हाच वाटलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. मी विज्ञान शिकवते, पाहिल्याशिवाय मानत नाही. एकदा कोणी नसताना वाळलेल्या टॉवेलला बोट लावलं, पाठ फिरवली, पुन्हा बघितलं. टॉवेल निथळत होता. नळ बंद होता, कोरडा होता. वर छप्पर होतं, त्यावर माघातलं स्वच्छ ऊन. मी माझं बोट पदराला पुसलं आणि बाहेर आले. मला राग आला होता. कोणीतरी माझ्या अंगाची किळस केली होती आणि ते कोण हेही मला कळत नव्हतं.

मग पेशंटांची पाळी आली. नखुरडं कापून घ्यायला आलेला एक हलवाई बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत ओला. दातांवर दात वाजत होते. "डाक्टर साब, इतना पानी काहे को डाला?" असं त्याने विचारलं. ह्यांनी पाणी टाकलंच नव्हतं. हे त्याच्यावरच खेकसले की घाम आलाय, घाबरट आहेस. जखम मात्र सुरेख भरली. त्यामुळे माणसं कुरकुरत का होईना, येत राहिली.

हे स्वतः आता ओल्या अंगानेच आत जायचे. नियम म्हणून आंघोळ केलेली बरी, म्हणायचे. घरी आले की माझ्यापासून हातभर लांब बसायचे.

"खोलीत काहीतरी आहे," मी एकदा म्हणाले.

"खोलीत स्वच्छता आहे. तुला सवय नाही."

मला दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती. हे तिसरं मला हवं होतं, इतकं हवं होतं की मी त्याच्याबद्दल मोठ्याने बोलायलाही भीत होते. ह्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, मला स्वैपाकघरात पाटावर बसवलं आणि दवाखान्याचं सगळं विचारून घेतलं. अक्का स्वतः कडक सोवळ्यातल्या. त्या खूश होतील असं मला वाटलं होतं.

"सोवळं नेसतात तसं सोडतात पण, प्रतिभा," त्या म्हणाल्या. "जेवणं उरकली की सुटतं. मग आम्ही पण पोरांना मांडीवर घेतो ना. शरदने सोडायचं कधी सांगितलं?"

"ते काही खरं सोवळं नाही, अक्का. नुसतं समजवायला सांगितलं."

"तू तिकडे जाऊ नको बस. या दिवसांत तर बिल्कुल नको." आणि त्यांनी भाजी चिरायला घेतली.

मी गेले नाही. वैशाखापर्यंत गेले नाही. मग एका दुपारी ह्यांचा डबा न्यायला घरात कोणी नव्हतं, दिवस भरायला अजून अवकाश होता आणि दवाखाना तर माधव नगरातल्या आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा. मी बाहेरच्या खोलीत डबा ठेवणार आणि परतणार होते. डबा ठेवायला वाकले आणि पाणमोट फुटली. श्रीधर टांगा आणायला धावला. टांगा मिळेपर्यंत मला बसताही येईना.

"आत चल," हे म्हणाले.

"आत नाही. इथेच बाकावर."

"वेडी आहेस का? या बाकावर काय काय सांडलंय माहीत आहे तुला? अख्ख्या उज्जैनमध्ये त्या खोलीइतकी स्वच्छ जागा नाही."

ते खरं होतं. ह्यांनी मला उचललं.

बाहेर वैशाखातला गरम वारा, लू, वाहत होती. आतली खोली मात्र गार होती. फरशी ओली, टेबल ओलं, बांबूवरचे टॉवेल ओळीने स्थिर. फिनेलचा वास नाही, माणसांचा नाही, कसलाच नाही. टेबलावर पडताच पाठीखालून एक गार ओल सरकली. मी तिथे कोणालातरी नको होते. इतकं स्पष्ट मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

बाळंतपण फार वेळ चाललं नाही. मुलगी झाली. रडली. चांगली खणखणीत रडली.

"ठीक आहे," हे म्हणाले. "सगळं ठीक आहे." त्यांनी नाळ कापली, तिला टॉवेलात गुंडाळून भिंतीलगतच्या लहान टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

रडणं थांबलं.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्याने ओततात तसा, सावकाश. घाई नव्हती. एक तांब्या. मग दुसरा.

नळ बंद होता.

हे वळले. लहान टेबलापाशी कोणी नव्हतं. टॉवेलातून पाणी गळत होतं. मुलीच्या अंगावर रक्ताचा डाग नव्हता, जन्मताना असतो तो पांढरा चिकट थर नव्हता. इतकं स्वच्छ नवजात बाळ नसतं. ती तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता.

ह्यांनी तिला उचललं. हात लागताच पुन्हा पाणी. त्यांच्या मनगटांवरून, तिच्या डोक्यावरून.

त्यांनी तिला खाली ठेवलं.

"उचला," मी म्हणाले.

"हात लावला की ओतलं जातंय, प्रतिभा."

"उचला तिला."

त्यांनी उचललं नाही. हात वर धरून उभे राहिले. तिचे ओठ निळे पडत चालले होते.

मी टेबलावरून उतरले. कशी उतरले ते मला आठवत नाही. भिंत पकडली आणि भिंतीशीच बोलले.

"सुटलं. सोवळं सुटलं. मी सोडलं. ऐकलं ना? आम्ही सगळी शिवाशिव करणारी माणसं आहोत. सुटलं आता."

पाणी थांबलं.

फरशी कडेकडेने वाळत गेली. बाहेरून लूचा एक झोत आत आला, त्याबरोबर धूळ, घोड्याच्या लिदीचा वास. मी मुलीला उरापाशी धरलं. ती माझ्या रक्ताने माखली. मग रडली.

खोली खरोखरच सुटली. पुढच्या महिन्यात एक जखम शिवली ती पिकली आणि पू बघून डॉक्टर खूश झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. पेशंट कोरडे बाहेर येतात. दुर्गा कामावर परत आली, तिची पावलं ओल्या फरशीवर नीट उमटतात. ह्यांनी पुन्हा हट्टाने माझा जंतूंचा तक्ता लावला आणि श्रीधरला जंतू या शब्दातच जंतू शिकवले. ते त्या दुपारबद्दल बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, गुदमरली होती, सावरली.

मुलीचं नाव जयू ठेवलं. पाजून झालं की तिचे केस ओले असायचे. उन्हाळा होता, आम्ही घाम म्हणालो. मग पावसाळा आला, थंडी आली. मी तिच्या कानात रोज सांगते, सुटलं गं बाळा, केव्हाच सुटलं. ती माझ्याकडे बघते. तिला समजतं असं मला वाटतं.

आता ती रांगते. मी उचलून घेतलं तर रडत नाही. अंग आकसून धरते आणि मी सोडण्याची वाट बघते. खाली ठेवलं की मागे न बघता मोरीकडे जाते, दगडावर बसते आणि मान खाली घालते.

मी तांब्या भरत नाही. दारात उभी राहून हात पसरते, तिला ये म्हणते. ती येत नाही. थोडा वेळ तशीच बसून राहते, आणि मग पाणी पडायला लागतं.