घाम गाळणारी होडी

"आजी, आजी! होडीला घाम आलाय!"

भाविका ओरडतच स्वयंपाकघरात शिरली. सुनंदाआजीने तव्यावरची कळण्याची भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "मे महिना आहे बाई. इथे कोणाला घाम येत नाहीये?"

"अगं, खरंच! टपटप गळतोय!"

भाविका आणि तिचा भाऊ तेजस सुट्टीला जळगावच्या पिंप्राळ्याहून आले होते, मुक्ताईनगरजवळच्या आजोळी. आबांची, म्हणजे आजोबांची, फायबरची इंजिनवाली होडी होती. धरणाच्या फुगवट्यातून माणसं पैलतीरी नेणं हा त्यांचा धंदा. इंजिन दुरुस्तीला गेल्यामुळे होडी उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये कोरडी ठणठणीत पडली होती. आणि तिच्या बुडातून चक्क पाणी गळत होतं!

मुलं धावत शेडकडे गेली, तर तिथे ही गर्दी! शेजारच्या गुंताकाकूंनी होडीला हळदकुंकूसुद्धा वाहिलं होतं.

"गंगामाय पावली व माय!" त्या हात जोडून म्हणाल्या.

"शुभशकुन आहे, शुभशकुन!" जितूमामाने मिशीवर ताव दिला. होडीची देखभाल त्याच्याकडे. "रविवारी आपल्या ज्योत्स्नाचं लग्न. वऱ्हाड याच होडीतून येणार, नवरीही याच होडीतून सासरी जाणार. तिला आधीच आनंदाचे अश्रू आलेत!"

शेजारचा योगराज या दोघांचा सुट्टीतला जिगरी दोस्त. त्याने त्या अश्रूंत बोट बुडवलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"शी! सडक्या केळ्यांचा वास! गंगामायला असा वास येतो?"

"मोठ्यांची थट्टा करतो का रे? चला, पळा!" मामाने सगळ्यांना पिटाळलं.

पण पळतील ती ही मुलं कसली! दुपारी गाव पंख्याखाली आडवं झालं, तसे तिघे पुन्हा शेडमध्ये हजर. भाविकाने आजीचं लाटणं पळवून आणलं होतं. तिने पुढून एकेक ठोका द्यायला सुरुवात केली. टण! टण! टण! मागे, जिथे इंजिन लावतात त्या फळीवर ठोकलं, तर भद! भद!

"हा आवाज तर आमच्या धाब्याचा!" योगराज उडालाच. त्याचं घर जुनं, मातीच्या सपाट छताचं. "आमचे बाबा दरवर्षी छतावर खारी माती टाकायचे. वरून एकदम गुळगुळीत! आणि आत छत पेलणारा लाकडी सरा केव्हाच सडलेला. गेल्या पावसाळ्यात अर्धं छत आजीच्या ताटात आलं!"

"पण ही तर फायबरची," तेजस म्हणाला.

"अरे, वरचं कातडं फायबरचं. आत मागची फळी लाकडाची, तळातले लांब दांडेही लाकडाचे. त्यांच्यावरच तर होडी ताठ उभी राहते. आणि जितूभाऊ काय करतात? तडा दिसला की वरून फायबरचा थर, वर रंग. पुन्हा तडा, पुन्हा थर!"

"म्हणजे खारी मातीच!" भाविका फळीवरची स्क्रूची उघडी भोकं बघत होती. "पाणी इथून आत गेलं. लाकडाने पोटभर पिऊन घेतलं. आता बुडातून गळतंय."

भरपाण्यात इंजिन फळीसकट सुटलं तर? ज्योत्स्नामावशीला पोहता येत नव्हतं. नुसत्या पाण्याकडे बघूनही तिला धडकी भरायची. तिघे तडक मामाकडे धावले.

मामाला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "लाकूड आत, पाणी बाहेर, मध्ये फायबर. पाणी जाईल कुठून?"

"मग आलं कुठून?" भाविकाने विचारलं.

"तू वकील हो," म्हणत मामा चहाला गेला.

"सांगून कळत नसेल तर दाखवू," तेजस म्हणाला. "मामाला भूल कशाची पडते?"

"फोटोची!" दोघे एकदम ओरडले.

संध्याकाळी पत्रिका वाटून आबा परतले, तेव्हा होडीमागे वाळलेल्या केळीच्या पानांचा हा एवढा ढीग होता, आणि तेजस मोबाईल सरसावून उभा होता.

"मामा, इंजिनाच्या जागी उभे राहा ना! वऱ्हाडाच्या ग्रुपवर टाकू. कॅप्टन जितेंद्र!"

"अरे, नको..." म्हणेपर्यंत मामा चढलासुद्धा! इंजिन अडकवायच्या लोखंडी पट्टीवर पाय रोवले, छाती फुगवली, केसांवरून हात फिरवला. "घे आता!"

कर्रर्र... फस्स!

पट्टी निघाली, फळी फाटली आणि कॅप्टन जितेंद्र धप्पकन पानांच्या ढिगात! वर फक्त चपला दिसत होत्या.

"अरे, काय करू राहिले रे?" आबा धावले. मामा धडधाकट आहे असं बघून त्यांनी फाटलेल्या फळीत बोट घातलं. बोट सरळ आत गेलं. बाहेर आला काळा, ओला भुगा.

"हे लाकूड म्हणता? चहात बुडवलेला टोस्ट झाला याचा!" आबांनी तो भुगा मामापुढे धरला. "मी याच्यावर माझी पोर बसवणार होतो."

मामा केसांतली पानं काढत पुढे आला. "चुकलं आबा. पोरं सांगत होती, मीच ऐकलं नाही."

त्या रात्री मामाने होडीच्या कारखान्यात फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दणक्यात काम! मामाने आतलं कातडं कापलं, फळी आणि दांड्यांचं सडकं लाकूड खरवडून काढलं. मुलांनी तोंडाला रुमाल बांधून भुग्याची घमेली वाहिली. उघडी होडी मे महिन्याच्या उन्हात अशी कडकडीत वाळली की पापड लाजले असते!

मग रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करणारं चिकट रसायन. मामाने घाईत अख्खी बादली कालवली. त्या उन्हात बादलीतूनच धूर निघाला आणि रेझिनचा दगड झाला!

"मामा, हे वरण नाही, एकदम पातेलंभर करायला!" भाविका हसून हसून लोळली. मग पहाटेच्या गारव्यात थोडं थोडं कालवून नवं प्लायवूड बसलं, वर काचेच्या कापडाचे थर चढले, आणि स्क्रूचं एकेक भोक बुजवलं गेलं. शनिवारी दुरुस्त होऊन आलेलं इंजिन लावून मामाने स्वतः होडीत वाळूची पोती भरून फेरी मारली. फळी जराही हलली नाही!

रविवारी वऱ्हाड वाजतगाजत उतरलं. "आबा, होडी नवीन घेतली का?" व्याह्यांनी विचारलं.

"होडी जुनीच," आबांनी तिघांना पुढे ओढलं. "आम्ही मोठी माणसं वरून रंग देऊ राहिलो होतो. या पोरांनी आत पाहिलं. आज तुम्ही अन् माझी ज्योत्स्ना सुखरूप आहात ते यांच्यामुळे!"

पाठवणीच्या वेळी काठावर सगळ्यांचे डोळे भरून आले. मावशी शालू सावरत होडीत चढली. "मध्ये बस ग, तुला भीती वाटते ना?" आजीने हाक मारली.

मावशी मात्र सरळ मागे गेली, इंजिनाशेजारी नव्या फळीला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "इथेच बसते आई. ही फळी माझ्या भाच्यांची आहे."