सोड म्हणायचं राहिलं

मोबाइल उपडे ठेवा पोरांनो. दाराजवळचा दिवा मात्र राहू दे, तेवढा मलाही लागतो. आमच्या भाचीबाई उद्यापासून एक्स-रे काढायला शिकायला जाणार, म्हणून आज हीच गोष्ट. ऐकीव नाही. मी तेव्हा लहान मुलांच्या दवाखान्यात लिफ्टवर होतो, आणि ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या रोजच्या चहाचा सोबती.

एक्स-रे काढायचा तो. सगळे त्याला झटपट म्हणायचे. दिवसाला साठ-साठ पोरं उरकायचा आणि वर मलाच ऐकवायचा, "काका, तुमची लिफ्ट येईपर्यंत माझे दोन फोटो होतात!" बोलायला गोड. एकच मुलगी, सात वर्षांची. तिच्यावर जीव ओवाळून टाकायचा.

आता नियम असा, की लहान पोराचा फोटो काढताना आईला आत घ्यायचं आणि तिच्या अंगावर शिशाचा एप्रन चढवायचा. म्हणजे तिला किरण लागत नाहीत आणि पोरही तिच्याजवळ शांत राहतं. झटपटनं तो एप्रन घडी घालून स्वतःच्या खुर्चीवर टाकला होता. बूड दुखतं म्हणून! मग आयांना काय सांगायचा? "बाई, बाहेर थांबा. किरण वाईट असतात."

त्या मार्चमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा आला. छातीत कफ, दम लागलेला. आई दाराबाहेर. झटपटनं त्याची ऑक्सिजनची नळी काढली, कारण ती फोटोत येते, आणि त्याला स्टँडला छाती लावून उभं केलं. "मोठा श्वास घे. धर. मी सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही हं." असं म्हणून काचेमागे गेला. तेवढ्यात फोन वाजला. बायको सायकलच्या दुकानातून बोलत होती. मुलीला लाल घ्यायची की निळी? बराच वेळ चाललं. लाल ठरली. वळून बघतो तर पोरगं खाली पडलेलं.

गेलं ते. यानं कागदावर लिहिलं, 'आणतानाच बेशुद्ध', आणि हात झटकले. आई मात्र येईल-जाईल त्याला सांगत होती, "माझं लेकरू फार ऐकतं हो. मोठ्यांनी सांगितलं की ऐकतं." मीच तिला लिफ्टनं वर सोडलं. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग अकरा नोव्हेंबर. रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटं. वरच्या डॉक्टरांना दुपारची एक फिल्म हवी होती, म्हणून झटपटला घेऊन मी तळघरात, एक्स-रेच्या खोलीकडे उतरलो. वाटेत मुलीचंच कौतुक. लाल सायकलची किल्ली तिनं दोरीला बांधून गळ्यात घातलीय, झोपतानासुद्धा काढत नाही. "दोन मिनिटांत आलो, थांबा," म्हणाला आणि शीळ घालत गेला.

शीळ थांबली.

मग काहीच नाही…

आत, त्यानंच मला सांगितलं, मशीनचा दिवा लागलेला होता. स्टँडला छाती लावून कुणीतरी उभं. पाठमोरं. लहान. खांदे वर चढलेले… गच्च. हलत नव्हतं. मग मान वळली. गाल फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले. बोलणार कसं? श्वास धरलेला ना… मार्चपासून. फक्त डोळे. विचारत होते.

झटपट धावत लिफ्टमध्ये आला. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. फोन, सायकल, सगळं माझ्यापुढे ओकला.

"अरे मग सोड म्हण ना त्याला! एक शब्द!"

"म्हटलं तर… मीच धरायला लावला होता, असं होईल काका."

"कुणापुढे होईल? कोण आहे इथं?"

समोर बोळाच्या टोकाला खोलीचं दार उघडंच होतं. कुणीतरी वाट बघत होतं…

"वर घ्या," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. मलाही भीती वाटली, पोरांनो. पण दाबलं ते मीच.

सकाळी तो घरी गेला. मुलगी पलंगावर. भिंतीला छाती लावून बसलेली. खांदे वर. गाल फुगलेले. आई तिला गदागदा हलवतेय. हा ओरडला, "सोड!" पुन्हा ओरडला. शेजारीपाजारी जमले तरी ओरडतच होता. सोड… सोड बाळा… मी सांगतोय ना…

ती त्याच्या सांगण्याची वाट बघतच नव्हती. तिला धरायला त्यानं सांगितलंच नव्हतं ना.

दुपारी आम्ही तिला पोचवून आलो.

भाचीबाई, श्वास सोड आधी. कधीची धरून बसलीयस.

हं. आता शेवटचं. त्या रात्री स्टँडमध्ये एक कोरी कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायची चपटी पेटी, राहिली होती. फोटो कुणी काढला नव्हता. सकाळच्या पाळीतल्या बाईंनी तिच्यातली फिल्म सहज धुवायच्या मशीनमध्ये घातली, तर ती छापून आली. मी हातात धरून पाहिलीय. कोपऱ्यात वेळ, दोन चाळीस. दोन लहान छात्या, शेजारी शेजारी. फुप्फुसं काठोकाठ भरलेली.

आणि दुसरीच्या बरगड्यांवर, अगदी मधोमध… सायकलच्या कुलपाची किल्ली.