शिमेनाचे चव्वेचाळीस शब्द

मी स्पीच थेरपिस्ट. अमेरिकेत, ईडन प्रेरीत लहान मुलांना बोलतं करणं हे माझं काम. शब्द मोजते, तक्त्यात लिहिते. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

दर मंगळवारी दुपारी मी नोएमीकडे जाते. तिची मुलगी शिमेना अडीच वर्षांची. जानेवारीत तिच्या बाबांना इमिग्रेशनवाल्यांनी पार्किंगमधूनच उचललं, तेव्हा ती खिडकीत उभी होती. तोवर तिला चव्वेचाळीस शब्द येत होते. मार्चपर्यंत एकही उरला नाही. दार वाजलं की मायलेकी सोफ्यामागे जाऊन बसत, म्हणून मी खालून मेसेज करायचा असं ठरलेलं.

एप्रिलमध्ये शिमेनाने रचलेला ठोकळ्यांचा मनोरा लाकडी जमिनीवर कोसळला. आवाज झाला नाही. मी तेच ठोकळे पाडून पाहिले, चांगला खडखडाट झाला. पुढच्या आठवड्यात तिची पावलंही ऐकू येईनात. तिने ताटलीवर चमचा आपटला, तोही मुका. घरी नवऱ्याला, केदारला, त्या भेटीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "माइक गेलाय यार, रिप्लेस कर," म्हणाला. इंजिनिअर माणूस, त्याच्या लेखी सगळंच रिप्लेस होतं.

नोएमीला विचारलं, माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. ती म्हणाली, "गप्प राहायला मीच शिकवलं तिला. आता कसं थांबवू?"

काल शिमेनाने पेला पुढे केला आणि म्हणाली, "आग्वा." पाणी. आवाज खरखरीत, पण शब्द स्पष्ट. नोएमी तोंडावर हात दाबून रडायला लागली. मी तक्त्यात एकचा आकडा लिहिला, तोही वाकडातिकडा.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

पुन्हा पडली. जोरात.

मायलेकी सोफ्यामागे गेल्या. माझ्या पर्समध्ये व्हिसाचे सगळे कागद होते. दार मी उघडायला हवं होतं. मीही सोफ्यामागे गेले.

बूट जिना उतरून गेले. हातातल्या फोनवर मेसेज आला, पार्सल पोचलं. शिमेनासाठी मीच मागवलेली छोटी ढोलकी. पत्ता थेट इथला द्यायची दुर्बुद्धीही माझीच.

"माझंच पार्सल आहे, घाबरू नका," मी म्हणाले.

नोएमीने वळूनही पाहिलं नाही.

मी ओरडले. घसा ताणला गेला, ओठ हलले. बस, तेवढंच. आवाज झाला नाही.

शिमेनाला मात्र कळलं. ती माझ्याकडे बघून हसली, आणि जरा सरकून तिने मला शेजारी जागा करून दिली.